तिखट-हळद विकणाऱ्या बचत गटाचं फेसबुक पेज: कसं उघडायचं, कुठे चुकतं

पेज उघडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याआधी ते कुणाच्या खात्यावरून उघडायचं, हे गटाच्या बैठकीत ठरवा. गावात हे काम बहुतेक वेळा एखाद्या ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे जातं. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, फोन बदलतो, पासवर्ड विसरतो. पेजवर जुना भाव आणि बंद पडलेला नंबर तसाच राहतो आणि तो कुणालाच बदलता येत नाही. म्हणून पेज अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या स्वतःच्या खात्यावरून उघडा. लगेच सेटिंगमधल्या ‘पेज अ‍ॅक्सेस’मध्ये जाऊन दुसऱ्या एका सदस्येलाही पूर्ण नियंत्रण द्या. मुलाला फक्त फोटो-मजकूर टाकण्यापुरता अधिकार पुरे.

गटाच्या नावाने साधं वैयक्तिक खातं मात्र काढू नका. तिथे ५,००० मित्रांच्या पुढे जाता येत नाही, आणि धंद्यासाठी वैयक्तिक खातं वापरणं फेसबुकच्या नियमात बसत नसल्याने ते कधीही बंद होऊ शकतं. मेनूतल्या ‘पेजेस’मध्ये जाऊन ‘क्रिएट’ दाबा.

नाव ठेवताना नुसतं ‘सावित्री महिला बचत गट’ लिहिलं तर त्याच नावाच्या शंभर पेजांत तुमचं हरवेल. गटाचं नाव, माल आणि गाव असं लिहा: ‘सावित्री गृहउद्योग, तिखट-हळद’ आणि पुढे गावाचं नाव. माहितीच्या रकान्यात हेच रोमन (इंग्रजी) अक्षरांतही लिहा, कारण नागपूर-पुण्याची पुष्कळ मंडळी मराठी शब्दसुद्धा त्याच अक्षरांत शोधतात. पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिनकोड हवाच. पिंपळगाव, वडगाव ही नावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि नकाशा गिऱ्हाईकाला भलत्याच गावी नेतो. नकाशावरची खूण बोटाने सरकवून स्वतः नेमक्या जागी ठेवा, खाली ‘ग्रामपंचायतीसमोर’ असं लिहा.

फोनसाठी गटाचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस (धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअ‍ॅप) टाका. एकाच फोनमध्ये साधं व्हॉट्सअ‍ॅप एका नंबरवर आणि बिझनेस दुसऱ्यावर व्यवस्थित चालतं. त्या सिमचा रिचार्ज चुकवू नका. सिम बंद पडलं की काही काळाने नंबर दुसऱ्याला जातो. आपला नंबर दुसऱ्या कुणी त्याच्या फोनवर चालू करू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन लावा आणि तो वहीत लिहून ठेवा.

फोटोवर सगळ्यात जास्त वेळ द्या, माल त्याच्यावरच विकला जातो. पिवळ्या बल्बखाली तिखट काळपट दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं जुनं आहे. भर दुपारच्या उन्हात लाल रंग फटफटीत होतो. सकाळी ८ ते १० मध्ये ओसरीवर किंवा कडुलिंबाच्या सावलीत काढा. आधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसा, तिथे नेहमी हळदीचे नाहीतर तेलाचे बोट लागलेले असते. स्टीलचं ताट चमकतं, म्हणून सूप किंवा टोपली घ्या. हळदीच्या वाटीशेजारी एक हळकुंड मधोमध मोडून ठेवा. आतला गडद केशरी रंग दिसला की भेसळीची शंका विचारायची गरज उरत नाही. प्रोफाइलचा फोटो गोलात कापला जातो, तेव्हा नाव कडेला लिहू नका.

प्रत्येक फोटोखाली भाव लिहा: पाव, अर्धा आणि एक किलोचा वेगवेगळा, पार्सलचा खर्च वेगळा. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मे लोक पुढे सरकतात. अन्न नोंदणीचा (एफएसएसएआयचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर असतो तसा पेजवरही टाका. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचं असतं. माल त्या भागातला नसेल तर ती नावं वापरू नका. आपल्या गावचं नाव लावा, तेही चालतं.

पहिल्याच महिन्यात दोन फसवणुकी हमखास दारात येतात. एक, ‘तुमचं पेज बंद होणार आहे, या लिंकवर जा’ असा फेसबुकच्या नावाने मेसेज. लिंक उघडू नका, पासवर्ड तर मुळीच देऊ नका. दुसरी, मोठी ऑर्डर देऊन ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आठवड्यात दोन पोस्ट भरपूर झाल्या. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी एक टाका, म्हणजे आसपासची मंडळी उद्या पिशवी घेऊन येतील. मेसेजचं उत्तर कोण देणार, याची पाळी ठरवा. आणि कुरड्या-पापड संपले की त्याच दिवशी ‘संपले, पुढच्या उन्हाळ्यात’ असं लिहून तो फोटो पेजवरून काढून टाका, नाहीतर दिवाळीतही लोक तेच मागत राहतील.