काळी राय बिअर चाखायची कशी

राय म्हणजे मोहरी नव्हे. राई या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो आणि ग्लासात उगाच मोहरीचा झणका शोधला जातो. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. कडक थंडीत आणि निकस जमिनीतही ते तग धरतं, म्हणून उत्तर आणि पूर्व युरोपात शतकानुशतकं त्याचा पाव होत आला आणि बिअरही. दुसरा घोटाळा शहाजिऱ्याचा. रायच्या पावात पुष्कळदा शहाजिरं घातलेलं असतं, त्यामुळे तो वास रायचाच असं डोक्यात बसतं. नुसत्या धान्याला तो वास नसतो.

मग राय ओळखायची कशावरून? चवीपेक्षा तोंडातल्या स्पर्शावरून. रायमध्ये अरॅबिनोझायलन आणि बीटा-ग्लुकन ही चिकट तंतुद्रव्यं भरपूर असतात. ती पाण्यात उतरली की द्राव दाट होतो. या दाटपणामुळे गाळताना ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्याच्या, नाकी नऊ येतात. रायला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे चोथ्याचा थर घट्ट बसतो आणि रस खाली उतरेनासा होतो. म्हणूनच बऱ्याच पाककृतींत राय १० ते २० टक्क्यांवर थांबते आणि त्यापुढे जायचं तर चोथा मोकळा राहावा म्हणून भाताचं तूस मिसळतात. ब्रुअरला छळणारा हाच दाटपणा पिणाऱ्याच्या तोंडात रेशमासारखा पसरतो. काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) आवाज इतका मोठा असतो की रायची चव त्याखाली दबते, पण स्पर्श दबत नाही. चाखताना लक्ष तिथे ठेवायचं.

बाटली उघडण्याआधी लेबल नीट वाचा

‘राय’ हा शब्द असलेल्या दोन काळ्या बिअर एकमेकींपासून फार लांबच्या असू शकतात. एक घराणं जर्मनीतल्या बव्हेरियाच्या रॉगेनबिअरचं. निम्मं किंवा त्याहून जास्त रायचं माल्ट, गव्हाच्या बिअरचं यीस्ट, अल्कोहोल साधारण ४.५ ते ६ टक्के, कडवटपणा बेताचा (१० ते २० आयबीयू; आयबीयू हे बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक), रंग तांबूस ते गडद तपकिरी. १५१६ च्या बव्हेरियन कायद्याने बिअरसाठी धान्य म्हणून फक्त बार्ली ठेवली आणि ही बिअर जवळजवळ नामशेष झाली. १९८८ मध्ये बव्हेरियातल्याच शिअरलिंग इथल्या ब्रुअरीने ती पुन्हा बाजारात आणली. दुसरं घराणं राय पोर्टर आणि राय स्टाउट या गडद भाजलेल्या बिअरचं. इथे पाया बार्लीचा, राय थोडी, भाजलेलं माल्ट पुष्कळ, यीस्ट शांत. तिसरा प्रकार म्हणजे राय व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली काळी बिअर. तिच्या धान्यात राय असेलच असं नाही. अशा बाटलीत व्हॅनिला, ओक आणि मद्याची ऊब मिळते आणि लोक त्यालाच रायची चव समजतात.

लेबलवर चार गोष्टी शोधा: रायचं प्रमाण, राय कोणत्या रूपात आहे, अल्कोहोल आणि तारीख. साधं राय माल्ट धान्याची, पावाची चव देतं. चॉकलेट राय म्हणजे गडद भाजलेली राय. टरफल नसल्यामुळे ती भाजली तरी बार्लीइतकी तुरट होत नाही, म्हणून तिच्यातला कॉफी-कोकोचा भाग मऊ लागतो. राय पोहे दाटपणा वाढवतात. प्रमाण १० टक्क्यांच्या खाली असेल तर राय सापडली नाही म्हणून स्वतःच्या जिभेला दोष देऊ नका.

रायमध्ये ग्लुटेन गटातली प्रथिनं असतात, तेव्हा सीलिॲक (ग्लुटेन न चालणारा आतड्यांचा आजार) असलेल्यांनी ही बिअर टाळावी. ६ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत साधारण १६ ग्रॅम अल्कोहोल असतं, १० टक्क्यांच्या बाटलीत २६ ग्रॅम. चाखायला माणशी १०० मिली पुरते. एक बाटली तिघांत वाटा आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका.

तयारी

बाटली आदल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली की गाळ कडेला चिकटतो आणि ओतताना ढवळून निघतो. फ्रिजच्या ४ अंशांवर ही बिअर चाखण्यात अर्थ नाही, कारण थंडीत वास दबतात आणि कडवटपणा पुढे येतो. वीस ते तीस मिनिटं आधी बाहेर काढा. स्वयंपाकघरातला तापमापक असेल तर ओतलेल्या बिअरमध्ये बुडवून बघा. सुरुवात ७-८ अंशांना झाली तर उत्तम, कारण पुढचं चढणारं तापमान हाच चाखण्याचा अर्धा खेळ आहे. खरी मजा १० ते १३ अंशांना येते.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, पोट रुंद आणि तोंड थोडं आवळलेलं, ३०० ते ४०० मिलीचा घ्या. त्यात फक्त १०० ते १२० मिली ओतायचं, वरची जागा वासासाठी. ग्लास स्वच्छ आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. तो आतून ओला करा आणि चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटत नाही तिथे तेलाचा किंवा साबणाचा पापुद्रा आहे. हा पापुद्रा फेस मारतो आणि मग बिचाऱ्या बिअरला नाव ठेवलं जातं. परत धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, उपडा ठेवून वाळवा. फडक्याने पुसलात तर फडक्याचाच वास येतो.

तासभर आधीपासून कॉफी, सिगारेट, तिखट आणि च्युइंगम बंद. अत्तर लावू नका. सोबत साधं, फार थंड नसलेलं पाणी आणि बिनामिठाच्या पावाचे तुकडे पुरे.

ओतणं आणि बघणं

ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून कडेवरून ओता, अर्ध्यावर आल्यावर सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस यायला हवा. गाळाची बाटली असेल तर तळाचे ३०-४० मिली मागे ठेवा, त्यांचं काम नंतर आहे.

फेसाचा रंग बदामी ते फिकट तपकिरी असतो आणि रायमुळे तो बारीक बुडबुड्यांचा, टिकाऊ असतो. ग्लास स्वच्छ असूनही फेस मिनिटभरात पार विरला तर तशी नोंद करा. वरून बघाल तर बिअर काळी दिसेल. ग्लास तिरपा करून कडेचा पातळ भाग दिव्यासमोर धरा, तिथे लालसर किंवा महोगनी छटा दिसते. गढूळपणा हा इथे दोष धरायचा नाही, रायची प्रथिनं आणि तंतुद्रव्यं बिअरला सहज धूसर करतात.

वास

ओतल्यावर लगेच वास घ्या, कारण सगळ्यात हलके वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. एक दीर्घ श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे चांगले. मग ग्लास गोल फिरवून तळव्याने तोंड झाका, दहा सेकंद थांबा, तळवा काढून परत हुंगा. नाक थकलं, म्हणजे काहीच वेगळं जाणवेनासं झालं, तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि पुन्हा ग्लासाकडे या.

वास तीन ढिगांत वाटून शोधा. पहिला भाजल्याचा: कॉफी, कोको, पावाची करपलेली कड. दुसरा धान्याचा: राय इथे असते. ओलसर मातीसारखा, ताज्या दळलेल्या पिठासारखा, किंचित आंबूस पावासारखा. तिसरा यीस्टचा: लवंग आणि केळं. लवंगेचा वास रॉगेनबिअरमध्ये हमखास येतो आणि तो मसाला घातल्यामुळे नसतो. धान्याच्या सालीतल्या फेरुलिक आम्लापासून गव्हाच्या बिअरचं यीस्ट तो तयार करतं आणि रायमध्ये हे आम्ल भरपूर असतं. राय स्टाउटमध्ये मात्र ठसठशीत लवंग आली तर शंका घ्या. तिथे रानटी यीस्ट शिरलेलं असू शकतं.

घोट

पहिला घोट तोंड तयार करण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट चमचाभर मोठा घ्या, तीन-चार सेकंद जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटूनच नाकावाटे श्वास सोडा. हा मागच्या वाटेने येणारा वास फार बोलका असतो. हुंगताना न सापडलेली राय पुष्कळदा इथे सापडते, कोरड्या पिठासारखी, शेवटी मिऱ्याची हलकी चुणचुण. ही चुणचुण सगळीच रायची असते असं मानू नका. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट आणि बुडबुडे तिघंही त्यात भर घालतात.

कडू, तुरट आणि आंबट इथे एकमेकांत मिसळून येतात, म्हणून ते सोडवून बघायला शिका. भाजल्याचा कडवटपणा काळ्या कॉफीसारखा, थोड्या आंबटपणासकट येतो आणि लवकर ओसरतो. हॉप्सचा कडवटपणा राळेसारखा जिभेच्या मागे रेंगाळतो. तुरटपणा ही चवच नव्हे, स्पर्श आहे. गिळल्यावर जीभ टाळूवर घासून बघा. खरखरीत लागली तर तुरटपणा आहे, गुळगुळीत सरकली तर नाही.

आता मुख्य गोष्ट. बिअरमधला वायू दाटपणा लपवतो, बुडबुडे टोचत असताना जिभेला रेशीम कळत नाही. म्हणून ४०-५० मिली बिअर दुसऱ्या ग्लासात घ्या आणि दोन ग्लासांत दहा-बारा वेळा आलटून पालटून ओता. फेस बसू द्या, मग घोट घ्या. अल्कोहोल आणि गोडवा बेताचा असूनही बिअर जिभेवर तेलासारखी पसरली, गिळल्यावर गालांच्या आत पातळ थर राहिला आणि तरी शेवट कोरडा झाला, तर ती राय आहे. साखरेचा दाटपणा ओठांना चिकटतो आणि शेवटही गोड ठेवतो. ओटचा दाटपणा लोण्यासारखा गोलसर असतो, त्यात रायचा मातकट कोरडेपणा नसतो. दाटपणा कुणाचा, हे ठरवायला हा एवढाच भाग दोन-तीनदा करून बघा.

हे सगळं ७, १२ आणि १६ अंशांच्या आसपास पुन्हा करा आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहा. थंड असताना भाजलेपणा आणि बुडबुडे दिसतात, मधल्या तापमानाला धान्य उघडतं, शेवटी अल्कोहोल आणि दोष वर येतात. पाच-सहा टक्क्यांची बिअर १६ अंशांना घशात जळजळ करत असेल तर आंबवताना तापमान हाताबाहेर गेलेलं असू शकतं.

दोष कुठला, स्वभाव कुठला

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे प्राणवायू लागून बिअर शिळी झाली. काळ्या बिअरमध्ये तो भाजलेपणाखाली लपतो, १६ अंशांना शोधा. सोया सॉससारखा खारट-मांसल वास मेलेल्या यीस्टचा किंवा फार जुनेपणाचा. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास डायअसेटिल या आंबताना तयार होणाऱ्या द्रव्याचा, हिरव्या सफरचंदाचा वास आंबणं अर्धवट राहिल्याचा. जखमेवरच्या पट्टीसारखा औषधी वास आला तर बाटली बाजूला ठेवा. झाकण काढताच बिअर उसळून वाहू लागली तर बहुधा बाटलीत जंतुसंसर्ग झालाय किंवा साखर जास्त पडलीय, म्हणून अनोळखी ब्रुअरीची बाटली सिंकवरच उघडावी.

रायच्या बाबतीत एक फरक काळजीने ओळखावा लागतो. रेशमी बिअर घोटात दाट लागते, पण ओतताना तिची धार पाण्यासारखीच तुटते. पेडिओकॉकस जिवाणूंनी बिघडलेली बिअर नासलेल्या पदार्थासारखी तार सोडते. चमचा बुडवून वर उचला. धागा लोंबला आणि जोडीला लोण्याचा वास आला, तर तो बुळबुळीतपणा रायचा नाही.

मागे ठेवलेले ३०-४० मिली आता गाळासकट हलवून ओता. रॉगेनबिअरमध्ये गाळाने पाव आणि लवंग दोन्ही भरतात, पुष्कळांना ती तशीच आवडते. स्टाउटमध्ये गाळ बहुधा कडसर आणि यीस्टचा कच्चा वास देणारा असतो, तो बाटलीतच राहिलेला बरा.

खात्री करून घ्यायची असेल तर त्रिकोणी चाचणी घ्या. जवळपास तेवढ्याच अल्कोहोलची, राय नसलेली काळी बिअर आणा. तीन ग्लासांपैकी दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा माणूस वेगळा आणि चाखणाऱ्याचे डोळे बांधलेले. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतं, तेव्हा जागा बदलून निदान पाच फेऱ्या करा, प्रत्येक घोट २०-२५ मिलीचा. फरक सापडत नसेल तर दोन्ही बिअरमधला वायू आधी सांगितल्याप्रमाणे काढा, दोन्ही १३ अंशांवर आणा आणि चव सोडून फक्त जिभेवरचा थर बघत पुन्हा चाखा.