जुन्या मॅसीचा फीड पंप गळतोय? घरच्या घरी बदलायचा कसा

बोनेटखालून डिझेलचे थेंब पडतायत, ट्रॅक्टर उभा असतो तिथली जमीन काळी झालीय आणि सकाळी स्टार्टर दोन-चारदा मारल्याशिवाय इंजिन धरत नाही, अशी तक्रार असली की दहापैकी आठ जण फीड पंप, म्हणजे टाकीतलं डिझेल फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप, गेला म्हणून थेट दुकानात जातात. थांबा जरा. आधी गळतंय कुठून ते बघू.

हे सगळं लिहितोय ते मॅसी १०३५ सारख्या तीन सिलिंडरच्या सिम्पसन इंजिनाच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी, ज्याला ब्लॉकच्या कुशीला डायाफ्रामवाला (आत लवचिक पडदा असलेला) छोटा फीड पंप असतो आणि त्याच्या बुडाला हाताने मारायची बारकी दांडी असते. नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप इनलाइन प्रकारचा असेल तर फीड पंप त्या मोठ्या पंपालाच चिकटलेला असतो, वर गोल मुठीचा हँड प्रायमर, तो तीन नटांवर बसतो आणि तिथं बऱ्याचदा प्रायमरचीच सील गेलेली असते, म्हणून ते वेगळं प्रकरण.

आता तपासणी. पंप आणि आजूबाजूचा ब्लॉक रॉकेलने धुवून कोरडा करा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. टाकीचा कॉक उघडा ठेवून इंजिन स्लोवर चालू द्या. पूड जिथं पहिल्यांदा ओली होते तिथंच गळती, बाकी सगळं वाऱ्याने पसरलेलं. पाईपच्या जोडाला ओलं झालं तर पंप चांगला आहे, तांब्याचं वॉशर नाहीतर ऑलिव्ह (नटाखाली पाईपवर बसणारी कडी) बदला आणि विषय संपवा. वरच्या झाकणाच्या सांध्यातून येत असेल तर स्क्रू आवळून बघा, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. पण पंपाच्या खालच्या अंगाला जे बारीक भोक असतं तिथून डिझेल येत असेल तर डायाफ्राम फाटलाय, तिथं नुसतं आवळून भागत नाही. आणि पंप ब्लॉकला बसतो त्या सांध्यातून येत असेल तर बोटांत चोळून बघा, चिकट लागलं तर ते इंजिन ऑईल आहे, पंपाखालचं पॅकिंग गेलंय.

डायाफ्राम फाटला की सगळं डिझेल बाहेरच पडतं असं नाही, त्यातलं काही पंपाच्या आतल्या दांडीशेजारून (हाताने मारायची नव्हे, ब्लॉकच्या आत जाते ती) उतरतं आणि सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या ऑईलमध्ये, जातं. म्हणून डिपस्टिक काढून बघाच. ऑईल खुणेच्या वर चढलंय, पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय, तर त्या ट्रॅक्टरवर शेताला जाऊच नका. पातळ ऑईलवर बेअरिंग उतरलं की पंपाचा खर्च त्याच्यापुढे काहीच नाही. गळतीला साबण नाहीतर एम-सील लावून हंगाम काढणारे लोक बाहेरचं थांबवतात, आतलं तसंच चालू राहतं, हा त्या जुगाडाचा खरा तोटा.

दुसरा एक जुगाड म्हणजे पंप काढून, भोकाला पत्रा मारून टाकीतून थेट फिल्टरला नळी जोडायची. टाकी इंजिनाच्या वर असल्याने ट्रॅक्टर चालतो, खोटं नाही. पण टाकीतलं डिझेल कमी झालं, चढ लागला किंवा फिल्टर थोडा चोंदला की लोडवर मिसिंग करतो. शेतातून घरी आणण्यापुरतं ठीक, त्याच्यापुढे नको, असंच माझं मत आहे.

किट घ्यायचं की नवा पंप? किट स्वस्त पडतं, डायाफ्राम आणि व्हॉल्व्ह त्यात येतात. पण जुन्या पंपाची आतली दांडी आणि तिची पीन हाताने हलवून बघा, बाजूला डुगडुगत असेल तर नव्या डायाफ्रामला पूर्ण स्ट्रोक मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या पंपाला मी तरी अख्खा नवाच बसवीन. दुकानात जाताना जुना पंप हातात घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा, बोल्टची भोकं दोन की चार, दांडीची लांबी आणि वाक, इनलेट-आउटलेटची तोंडं कुठल्या दिशेला, आटे कुठले. नुसतं नाव सांगून आणलेला पंप बसत नाही म्हणून परत फेऱ्या मारणारे कमी नाहीत. पॅकिंग आणि तांब्याची वॉशर्स नवीच घ्या.

काढायला लागण्याआधी इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची अर्थची केबल सोडा, टाकीचा कॉक बंद करा, खाली डबा ठेवा, आणि बिडी-सिगारेटवाल्याला लांब बसवा. पंपाभोवतीची माती आधीच धुवून घ्या कारण पाईप उघडल्यावर गेलेला एक खडा फिल्टर नाहीतर पुढे नोझलपर्यंत त्रास देतो. पाईपचे नट सोडताना दोन पाने लावा, एकाने पंपाचा जोड धरा, दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर पाईपच पिळला जातो. या इंजिनाला इंची मापाचे नट खूप असतात, चार सुताच्या नटाला १३ नंबर पाना लागतो तर खरा पण ढिला लागतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि जाम नट असेल तर तो कोपरे खाऊन गोल करतो. चार सुताचाच रिंग पाना वापरा. सुटलेल्या पाईपांची तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा, कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे आत जातात.

पंप निघाला की ब्लॉकला जे तोंड उघडं पडतं त्यात आधी फडकं कोंबा, मग जुनं पॅकिंग खरवडा, तुकडे चेंबरमध्ये पडता कामा नयेत. खरवडून झाल्यावर फडकं काढायचं. (हसू नका, राहतं.)

बसवताना खरी गोम या आतल्या दांडीत आहे. आतमध्ये कॅमशाफ्टवर एक गोल उंचवटा असतो, त्यावर ही दांडी टेकते आणि तो फिरला की दांडी दाबली जाते, डायाफ्राम खाली ओढला जातो, मग स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि डिझेल फिल्टरकडे जातं. दांडीच्या टोकाला थोडं इंजिन ऑईल लावा, पॅकिंग लावा आणि पंप जरा तिरका धरून दांडी जुनी होती त्याच बाजूने उंचवट्यावर टेकवा. हाताने दाबलं की स्प्रिंगचा जोर लागतो पण पंप सरळ ब्लॉकला जाऊन बसायला पाहिजे. बोटभर फट राहिली आणि बसतच नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा नाही, दांडी मोडते नाहीतर पंपाचा बोल्टचा कान तुटतो. एक तर दांडी भलत्या बाजूला गेलीय किंवा उंचवटा नेमका वर आलाय. स्टॉपची मूठ ओढून ठेवा आणि पुढची पुली पान्याने एक पूर्ण फेरा फिरवा, क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा, म्हणजे एका फेऱ्यात उंचवटा बरोबर उलट्या बाजूला जातो.

आणखी एक, पंपाचे नट ढिले असतानाच दोन्ही पाईपचे नट हाताने दोन-तीन आटे चढवून घ्या. पंप आवळल्यावर पाईप रेषेत येत नाही, मग लोक पान्याने जबरदस्ती करतात आणि नव्या पंपाचे आटे जातात. सगळं धरलं की पंपाचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

आता एअर काढायचं. कॉक उघडा, फिल्टरवरचा एअरचा बोल्ट ढिला करा आणि पंपाखालची दांडी मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल यायला लागलं की दांडी मारता मारताच बोल्ट आवळा. दांडीला जोरच लागत नाही, नुसती मोकळी हलते, असं झालं तर नवा पंप खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कॅमने आतली दांडी आधीच दाबून धरलीय, पुली पुन्हा एक फेरा फिरवा. मग रोटरी पंपावर (या ट्रॅक्टरचा नोझलला डिझेल देणारा मोठा पंप), आधी बाजूचा स्क्रू, नंतर वरच्या गव्हर्नर झाकणाचा, दोन्ही पूर्ण काढायचे नाहीत, फक्त ढिले करायचे. त्यानंतर स्टॉप आत ढकला, अर्थची केबल जोडा, रेस पूर्ण द्या, नोझलकडचे पाईपचे नट अर्धा फेरा सोडा आणि स्टार्टर मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग नको, मध्ये बॅटरीला श्वास घेऊ द्या. नटांजवळ डिझेल दिसलं की आवळून घ्या. इथं एक गंभीर गोष्ट, नोझलच्या लाईनला दाब इतका असतो की बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. आणि शिरलंच तर भोक टाचणीएवढं दिसतंय म्हणून घरी बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

इंजिन चालू झालं की पाच-दहा मिनिटं स्लोवर ठेवा, सगळे जोड कोरडे पुसून पुन्हा बघा. चेंबरमध्ये डिझेल गेलेलं असेल तर इंजिन चालू करण्याआधीच ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदलून घ्यायचं, नुसतं जादाचं ऑईल काढून खुणेवर आणून भागत नाही. पॅकिंग दबतं म्हणून पहिल्या दिवसाच्या कामानंतर गार इंजिनावर पंपाचे नट एकदा तपासा, आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी डिपस्टिक बघा, पातळी चढायला लागली तर गळती अजून आहे, रोटरी पंपाची पुढची सील तपासायला पंपवाल्याकडे जावं लागेल.