वीज नसताना हँडीत चॅनल कसा भरायचा

३ जून २०२०. निसर्ग वादळ केळशीवरून गेलं त्या संध्याकाळी आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, विजेचे खांब वाकले होते आणि मोबाइलचा टॉवर गप्प होता. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना होता, बॅटरी भरलेला हँडी, म्हणजे हातात मावणारा बिनतारी सेट, होता. पण आदल्या दिवशी घरातल्या पोराच्या हातून ४० नंबरच्या मेनूतलं 'रीसेट' झालं होतं आणि भाच्यानं लॅपटॉपवरून भरून दिलेले सगळे चॅनल, म्हणजे नंबर देऊन साठवलेल्या फ्रिक्वेन्सी, पुसले गेले होते. हातानं चॅनल भरायला मी शिकलेच नव्हते. दापोलीला निरोप पोचला तो दोन दिवसांनी, माणूस चालत गेला तेव्हा.

म्हणून सांगते, केबल आणि लॅपटॉपवरून चॅनल भरणारं 'चर्प' सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण कळा बोटांना पाठ हव्यात.

माझा सेट बाओफेंग यूव्ही-५आर आहे, मेनूचे नंबर त्याचेच देते. आधी नारिंगी कळ दाबून व्हीएफओमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे आकडे थेट दाबता येतात तिथे, या. 'ए/बी'नं वरची ओळ निवडा; खालच्या ओळीवरून चॅनल साठवला जात नाही, इथेच बहुतेकांचं अडतं. मेनू ७, म्हणजे टीडीआर (दोन्ही ओळींवर लक्ष ठेवणं), बंद करा. मेनू २५, म्हणजे एसएफटी-डी (बोलण्याची फ्रिक्वेन्सी आपोआप वर-खाली सरकवणं), तोही बंद ठेवा. ज्या नंबरावर भरायचं तिथे आधीचं काही असेल तर मेनू २८ नं पुसा, नाहीतर नवं साठत नाही.

आता समजा रिपीटर, म्हणजे आपला आवाज उचलून पुढे लांबवर पाठवणारा उंचावरचा सेट, १४५.६०० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि १४५.००० वर ऐकतो. भारतात दोन मीटरच्या (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यात हा ६०० किलोहर्ट्झचा फरक नेहमीचाच. रिपीटरला टोन, म्हणजे तो उघडणारा बारीक सूर, लागत असेल तर तो सगळ्यात आधी मेनू १३ मध्ये लावा. मग 'एक्झिट' करून १४५६०० हे सहाही आकडे दाबा. मेनू, २७, परत मेनू, बाणानं चॅनलचा नंबर, मेनू. सेटमधली बाई 'रिसीव्हिंग मेमरी' म्हणेल. एक्झिट. लगेच १४५००० दाबा आणि तोच २७, तोच चॅनल नंबर. आता ती 'ट्रान्समिटिंग मेमरी' म्हणेल. हे दुसरं वाक्य कानावर आलं नाही तर रिपीटर तुम्हाला ऐकू येईल, पण तुमचं त्याला ऐकू जाणार नाही. दोन हँडींमध्ये थेट बोलायचं असेल तर एकदाच साठवलं की झालं. परत नारिंगी कळ, आणि चॅनल समोर. एकूण १२८ मावतात. मी नऊच भरलेत, नऊही पाठ आहेत.

आमच्याकडे खरी अडचण डोंगराची. समोर समुद्र, पाठीला डोंगर, मध्ये वाडी. व्हीएचएफची, म्हणजे दोन मीटरचा पट्टा ज्यात येतो त्या फ्रिक्वेन्सींची, लहर नजरेसारखी सरळ जाते, त्यामुळे वाडीतून कितीही ओरडा, डोंगरापलीकडे काही जात नाही. सड्यावर, डोंगरावरच्या सपाट माथ्यावर, चढा. कातळावर उभं राहून अँटेना सरळ उभी धरली की तोच पाच वॅटचा सेट वेगळाच वाटतो. सेटसोबत येणारी आखूड रबरी अँटेना अगदीच कामचलाऊ आहे. ४९ सेंटिमीटरची तार सोलून अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला गुंडाळा आणि खाली लोंबती सोडा. फरक कानाला कळतो. पावसात ओल्या झाडीतून यूएचएफ, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचं, लवकर मरतं, तेव्हा दोन मीटरवरच राहा.

बोलताना पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी धरायची कळ, दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिलं अक्षर गिळलं जातं. तोंडापासून चार बोटं अंतर. आवाज खरखरत येत असेल तर बाजूची 'मोनी' कळ धरून ऐका. जवळच्याशी बोलताना '#' कळ एकदा दाबून पॉवर कमी करा. वादळात बॅटरी म्हणजे घरातलं पिण्याचं पाणी.

हा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ कुठेही बोलतो, पण आपली हद्द १४४ ते १४६. हर्णैच्या बोटी ज्यावर मदत मागतात तो १६ नंबरचा सागरी चॅनल १५६.८०० वर आहे. तिथे चुकूनही पीटीटी दाबू नका, कुणाचा तरी जीव त्या चॅनलवर अवलंबून असतो. आणि दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना, आपलं व्हीयू२ किंवा व्हीयू३ नं सुरू होणारं कॉल साइन मिळेपर्यंत तर कुठेच नाही.

खारा वारा धातू खातो. दर पंधरा दिवसांनी बॅटरी काढून पितळी टोकं कोरड्या फडक्यानं पुसते, आणि मग दर वेळी एक चॅनल पुसून डोळे मिटून परत भरते. कळांचा क्रम पेन्सिलीनं कार्डावर लिहून सेटच्या पाठीला चिकटवलाय. शाई आमच्या पावसात टिकत नाही.