स्टॅनली कॉवेल ऐकायचा तर डाव्या हातापासून

स्टॅनली कॉवेल हा अमेरिकन जॅझ पियानोवादक. त्याच्याकडे मी चुकीच्या दारातून शिरले. १९७३ची ‘हँडस्केप्स’ ही रेकॉर्ड आधी लावली. त्यात सात पियानोवादक आहेत. पहिली साइड संपेपर्यंत डोकं उठलं. तुम्ही तसं करू नका.

आधी १९६८ची, ड्रमवाल्या मॅक्स रोचची ‘मेंबर्स, डोन्ट गिट वेअरी’ काढा आणि त्यातलं फक्त ‘इक्विपॉइज’ ऐका. चाल कॉवेलची, पण मिरवतात ती चार्ल्स टॉलिव्हरचा ट्रम्पेट आणि गॅरी बार्ट्झचा सॅक्सोफोन. चाल गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग लगेच १९७४ची ‘मूसा: अँसेस्ट्रल स्ट्रीम्स’. तीच चाल, पण इथे कॉवेल एकटा. ड्रम नाही, बास नाही. सगळा भार डाव्या हातावर. मी पेटी वाजवणारी. माझा डावा हात जन्मभर भात्यावर, त्यामुळे कान आपोआप उजव्या हाताकडे धावतात. त्यावर उपाय एकच सापडला: वरच्या सुरांकडे चक्क दुर्लक्ष करायचं आणि खालचे सूर मांडीवर बोटांनी ठोकत बसायचं. तिसऱ्या खेपेला ते जमलं. हा माणूस ओहायोतल्या टोलेडोचा. तिथलाच पियानोवादक आर्ट टेटम, ज्याला असलं दोन हातांचं वादन हातचा मळ होतं, कॉवेल सहा वर्षांचा असताना त्याच्या घरी येऊन पियानो वाजवून गेला होता.

आता रेकॉर्डच्या लेबलकडे बघा: स्ट्राटा-ईस्ट. १९७१मध्ये कॉवेल आणि टॉलिव्हर यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेली कंपनी. ध्वनिमुद्रणाचा खर्च कलाकाराचा, मूळ टेपची मालकीही त्याचीच. छपाई आणि वितरण कंपनीकडे.

त्यांच्या रेकॉर्डचे क्रमांक वाचायला सोपे: बहुतेकांत पहिल्या चार आकड्यांत साल. ‘मूसा’ १९७४३. तिच्या आधीचा १९७४२ म्हणजे गायक-कवी गिल स्कॉट-हेरनची ‘विंटर इन अमेरिका’. त्यात कॉवेल नाही, इलेक्ट्रिक पियानोवर ब्रायन जॅक्सन आहे. तरी त्यातलं ‘द बॉटल’ ऐकाच, कंपनीचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते.

‘हँडस्केप्स’ त्यानंतर. मीही ती तेव्हाच पुन्हा लावली आणि सात डावे हात मोजायला बसले. चारपर्यंत पोचले.