घरच्या जिमसाठी पॉवर रॅक कसा निवडावा आणि कसा वापरावा

घरी एकट्यानं बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलणं) मारताना शेवटचा रेप, म्हणजे शेवटची खेप, अर्ध्यात अडकला आणि बार छातीवर येऊन बसला, तर दोनच वाटा उरतात. बार एका बाजूला कलंडवून प्लेट खाली पाडायच्या, किंवा तो पोटावरून लोळवत मांड्यांपर्यंत न्यायचा आणि उठून बसायचं. वजन हलकं असेल तर दोन्ही जमतात. जड असेल तर पहिल्या प्रकारात बारचं दुसरं टोक उसळतं आणि दुसऱ्यात बरगड्यांची सालटी निघतात. जिममध्ये हाक मारली की कुणीतरी धावून येतं. घरी दार बंद असतं आणि बाहेरच्यांना वाटतं, आत व्यायाम जोरात चाललाय.

पॉवर रॅक मुळात या अडचणीसाठी आहे. चार उभे खांब, त्यांना ओळीनं भोकं, बार टेकवायला दोन हुक आणि सुटलेला बार झेलायला दोन्ही बाजूंना एकेक आडवी सेफ्टी. खरेदीला गेलेला माणूस आधी बघतो पुल-अपचे दांडे किती, पुली जोडता येते का, रंग कोणता. माझं म्हणणं, क्रम उलटा करा. तुमच्या उंचीला आणि तुमच्या बेंचला सेफ्टी अचूक जागी लागते का, ते आधी पाहा. ती लागत नसेल तर बाकी सगळं शोभेचं.

पायरी 1: टेप घेऊन खोली मोजा

रॅकच्या मापापेक्षा बारचं माप महत्त्वाचं. पूर्ण लांबीचा 20 किलोचा ऑलिम्पिक बार 220 सेंटिमीटर लांब असतो. प्लेट चढवायला दोन्ही टोकांना माणूस उभा राहील एवढी, म्हणजे निदान अर्धा-अर्धा मीटर जागा हवी. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत सव्वातीन मीटर. यापेक्षा कमी रुंदीत काम भागतं, पण प्रत्येक सेटला प्लेट तिरकी करून घुसवताना भिंतीचा रंग जातो आणि पेशन्सही.

जागा कमी म्हणून आखूड बार घ्यायचा विचार असेल तर थांबा. ऑलिम्पिक बारवर प्लेट अडवणाऱ्या दोन कडांमधलं अंतर 131 सेंटिमीटर असतं आणि बहुतेक पूर्ण आकाराचे रॅक बाहेरून 120 ते 125 सेंटिमीटर रुंद असतात, ते याच हिशेबानं. आखूड बारमध्ये हे मधलं अंतर कमी असू शकतं. मग बार हुकांवर नीट बसतच नाही. आधी बार ठरवा, मग रॅक.

आता छत. उभं राहून काठी दोन्ही हातांनी डोक्यावर पूर्ण उचला आणि जमिनीपासून मुठीपर्यंत कुणाला तरी मोजायला सांगा. त्यात 22.5 सेंटिमीटर मिळवा, कारण मोठ्या प्लेटचा व्यास 45 असतो, आणि वर थोडी मोकळी जागा धरा. एवढं छत असेल तरच उभ्यानं ओव्हरहेड प्रेस मारता येईल. पुल-अपसाठी दांड्याच्या वर निदान 30 सेंटिमीटर सोडा, नाहीतर हनुवटी दांड्यावर येण्याआधी टाळू छताला लागेल. पंखा, दिवा, तुळई ही मंडळी मोजमापात हमखास विसरली जातात.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. 215 सेंटिमीटर उंच आणि 120 खोल रॅक आडवा ठेवून जोडला आणि मग उभा करायला गेलात, तर त्याचा कर्ण 246 सेंटिमीटर भरतो. छत 240 असेल तर तो मधेच अडकणार. अशा खोलीत रॅक पहिल्यापासून उभाच जोडावा लागतो आणि त्याला दोन माणसं लागतात.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर वजनाचाही हिशेब करा. राहत्या घरांचे मजले साधारणपणे चौरस मीटरला 150 ते 200 किलो वापराचा भार धरून आखलेले असतात. रॅक 100 किलो, प्लेट 200, तुम्ही 80, आणि हे सगळं जेमतेम दीड चौरस मीटरवर. लगेच घाबरायचं कारण नाही, कारण बाकीची खोली बहुधा त्या मानानं रिकामी असते. पण रॅक खोलीच्या मध्यावर न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीजवळ किंवा तुळईवर ठेवा आणि खाली 18 मिलिमीटरचं प्लायवूड, त्यावर रबर मॅट टाकून भार पसरवा. इमारत जुनी किंवा लाकडी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 2: कुठला प्रकार

एकट्यानं जड वजन मारणाऱ्यानं चार खांबांचा पूर्ण रॅकच घ्यावा. हाफ रॅकमध्ये बार पुढच्या बाजूला असतो आणि सेफ्टीचं एक टोक हवेत असतं. तोही चांगला असतो, पण पाय लांब आणि जमिनीला पक्के हवेत. भिंतीला लावून मिटवता येणारा रॅक जागा वाचवतो, मात्र मागची भिंत भक्कम पाहिजे. पार्टिशनच्या भिंतीवर तो लावायचा विचारही नको. दोन सुट्या खांबांचे स्टँड सेफ्टीशिवाय विकले जातात, ते घेऊ नका.

चार खांबांच्या आतली खोली 60 सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत मिळते. साठमध्ये स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन बैठक, होतो, पण बार घेऊन मागे सरकलं की प्रत्येक रेपला मागचा खांब घासतो. जमत असेल तर 75 किंवा त्याहून जास्त घ्या.

पायरी 3: पोलाद आणि त्यावरचे आकडे

घरगुती रॅकचे खांब बहुधा 50 बाय 50, 60 बाय 60 किंवा 75 बाय 75 मिलिमीटरचे असतात. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगितली तर लक्षात ठेवा, आकडा लहान तितकं पोलाद जाड. 14 गेज म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, 11 गेज म्हणजे 3. शंभर-सव्वाशे किलोच्या आत काम करणाऱ्याला 60 चा खांब आणि 2 मिलिमीटर जाडी पुरते. त्यापुढे जाणार असाल तर 3.

मात्र ‘क्षमता 450 किलो’ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. तो आकडा बहुतेकदा शांतपणे ठेवलेल्या वजनाचा असतो. 100 किलोचा बार 30 सेंटिमीटरवरून सुटला आणि सेफ्टीवर 1 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी सेफ्टीला सरासरी 3,100 किलोंइतका दाब सोसावा लागतो. तोच बार फक्त 3 सेंटिमीटरवरून पडला तर 400. प्रत्यक्षात बार थोडा वाकतो, मॅट दबते, हातही शेवटपर्यंत सोडलेले नसतात, त्यामुळे आकडे एवढे चढत नाहीत. पण प्रमाण पाहा. पोलादाची जाडी दीडपट करून जे मिळत नाही, ते सेफ्टी दोन भोकं वर घेतल्यानं मिळतं.

पायरी 4: भोकांमधलं अंतर

इथे पैसे खर्च करा. काही स्वस्त रॅकना भोकं 10 सेंटिमीटरवर असतात. बेंच प्रेसमध्ये त्याचा अर्थ असा की सेफ्टी एका भोकात ठेवली तर बार छातीला टेकण्याआधी तिच्यावर आपटतो, आणि एक भोक खाली घेतली तर अडकलेला बार आधी छाती दाबतो आणि मगच सेफ्टीला लागतो. मधलं काही नाही. 5 सेंटिमीटर अंतर ही माझी किमान अट. काही रॅकना बेंचच्या पट्ट्यात 2.5 सेंटिमीटरवर भोकं असतात, ती तर फारच सोयीची.

घेतलेल्या रॅकची भोकं लांब असतील तर बेंच वर घ्या. बेंचच्या पायांखाली आणि आपल्या तळव्यांखाली 1-2 सेंटिमीटरच्या रबर मॅटचे तुकडे टाकले की हवी ती मधली उंची मिळते.

सेफ्टीचे प्रकार तीन. आरपार जाणारी नळी साधी आणि भरवशाची, फक्त बदलताना खडखडाट होतो. जाड पट्ट्याची सेफ्टी बार पडल्यावर थोडी झोळते, त्यामुळे धक्का कमी आणि आवाजही कमी. पट्टा कुठे विसविशीत झालाय का, ते मात्र बघत राहावं लागतं. आत वळवून अडकवायची पट्टी झटपट हलते, तिच्या खिळीची अडक घट्ट आहे का ते पाहा. हुकांना आतून प्लास्टिकचं अस्तर हवं, नाहीतर बारवरची पकडीची खरखरीत नक्षी झिजते.

जोडसाहित्य नंतर घ्यायचं असेल तर खांबाचं माप आणि भोकाचा व्यास दोन्ही लिहून ठेवा. 16 मिलिमीटरच्या भोकाचं साहित्य 25 च्या भोकात डुगडुगतं. जुना रॅक घेत असाल तर वेल्डिंगजवळच्या बारीक चिरा, वाकलेल्या सेफ्टी, लांबट झालेली भोकं आणि पायांजवळचा गंज पाहा. पहिल्या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर घासाघीस न करता परत फिरा.

पायरी 5: जोडणी

सगळे नट-बोल्ट आधी हातानंच लावा, पाना शेवटी. एक कोपरा आधीच घट्ट केला की चौथ्या कोपऱ्यातलं भोक जुळत नाही आणि मग हातोडी निघते. सगळं उभं राहिलं की तळाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. मग स्पिरिट लेव्हल लावून पाना फिरवा. पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण सुरुवातीच्या वापरात ते बसतात आणि सैल होतात.

रॅक जमिनीत बोल्टनं पक्का करता आला तर उत्तम. भाड्याच्या घरात ते शक्य नसतं, तेव्हा मागच्या खांबांवर प्लेट टांगायची सोय घ्या. त्या वजनानं रॅक जागचा हलत नाही. तरी जमिनीत न बसवलेल्या रॅकवर झोके घेत पुल-अप मारू नका.

पायरी 6: उंची लावणं

स्क्वॉटसाठी हुक काखेच्या आसपासच्या भोकात. बारखाली गेल्यावर गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि ते सरळ केल्यावर बार हुकाच्या ओठावरून सुटावा. टाचा उचलाव्या लागत असतील तर हुक वर आहेत. दोन भोकांत मन अडलं तर खालचं घ्या. सेफ्टीसाठी रिकाम्या बारनं पूर्ण खाली बसा, तिथे थांबा आणि बारच्या खाली 3 ते 5 सेंटिमीटरवर ती येईल असं भोक निवडा.

बेंच प्रेसला जास्त वेळ द्या. बेंचवर झोपा, नेहमीसारखी पाठीची कमान करा, छाती भरून श्वास घ्या आणि रिकामा बार छातीला टेकवा. या स्थितीत बार सेफ्टीच्या बोटभर वर असला पाहिजे. आता बार तिथेच ठेवून श्वास सोडा आणि कमान मोडून पाठ सपाट टेकवा. छाती खाली जाते आणि बार सेफ्टीवर येऊन थांबतो. तो छातीवरून सुटला, खालून निघायला जागा मिळाली, तर भोक बरोबर. शेवटी बार सेफ्टीवरूनच गळ्याकडे सरकवून पाहा. तो गळ्याच्या वर अधांतरी राहिलाच पाहिजे. छातीपाशी सगळं ठीक आणि गळ्यापाशी बार टेकतोय, तर ती उंची चुकलीय, बेंच खाली घ्या किंवा सेफ्टी वर.

उभ्यानं प्रेस मारताना सेफ्टी खांद्यांच्या थोडी खाली ठेवा.

पायरी 7: वजन चढवणं, बार घेणं, ठेवणं

प्लेट आळीपाळीनं चढवा आणि उतरवताना तर नक्कीच. एका बाजूच्या सगळ्या प्लेट आधी काढल्या तर बार दुसऱ्या बाजूनं झुकून हुकांतून उसळतो आणि रिकामं टोक समोर जे असेल त्यावर आदळतं. क्लिप लावायला विसरू नका.

स्क्वॉटमध्ये बार घेऊन दोन-तीन छोटी पावलं मागे, एवढं पुरे. ठेवताना हुकांकडे मान वळवून नेम धरू नका. बार दोन्ही खांबांना टेकेपर्यंत सरळ पुढे चाला आणि टेकल्यावरच खाली सोडा. पकड रुंद ठेवणाऱ्यांनी बोटं खांब आणि बारमध्ये सापडत नाहीत ना, ते हलक्या वजनावर तपासून घ्यावं.

सेफ्टीवर बार ठेवून अर्ध्या उंचीचा डेडलिफ्ट (खाली ठेवलेला बार धरून उभं राहणं) मारायचा असेल तर हलक्या हातानं. बार दरवेळी त्याच दोन जागी आपटून कायमचा वाकू शकतो. त्यासाठी प्लेटखाली ठोकळे ठेवणं बरं.

पायरी 8: हरण्याचा सराव

रिकाम्या बारनं मुद्दाम अडकून पाहा. स्क्वॉटमध्ये उठता येत नसेल तर पुढे न वाकता सरळ खाली बसत जा, बार सेफ्टीवर टेकू द्या आणि पुढच्या बाजूनं बाहेर या. मागे झटकून टाकायचा नाही. बेंचवर श्वास सोडून पाठ सपाट करायची, हे शरीराला इतकं सवयीचं व्हायला हवं की घाबरल्यावरही तेच घडेल. सवय झाली की थोडं वजन चढवून पुन्हा करा.

बरोबर भोकं सापडली की खांबावर मार्करनं खूण करा. घरात दोघं-तिघं व्यायाम करणारे असतील तर प्रत्येकाचा रंग वेगळा. बेंच बदललं, खाली नवी मॅट टाकली किंवा जाड टाचेचे बूट घेतले की जुनी खूण पुसा आणि रिकाम्या बारनं पुन्हा मोजा.