फिल्मवर रात्रीचे आकाश टिपताना या चुका टाळा

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या पुढे एका शेताच्या बांधावर दोन रात्री जागून मी वृश्चिक आणि धनु राशींच्या अठरा फ्रेमा घेतल्या होत्या. लॅबमधून रोल परत आला, तेव्हा निगेटिव्हच्या पट्ट्या नेहमीच्या मापाने कापलेल्या होत्या. मात्र ते माप चुकीच्या जागेपासून धरल्यामुळे जवळजवळ प्रत्येक काप आकाशगंगेच्या मधून गेला होता. यात कापणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही. काळे आकाश निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक उतरते आणि दोन फ्रेमांमधली मोकळी जागाही पारदर्शकच असते, त्यामुळे फ्रेम कोठे संपली हे माणसालाही कळत नाही आणि यंत्रालाही नाही. तेव्हापासून मी प्रत्येक रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घराच्या चुनेगच्ची भिंतीवर खर्च करतो, जेणेकरून मोजणीला खूण मिळते, आणि पुण्याला पाठवायच्या पाकिटावर ‘रोल कापू नये, अखंड परत द्यावा’ असे ठळक लिहितो. स्कॅन करून घ्यायचे असल्यास आपोआप उजळवणे बंद ठेवण्याची सूचनाही द्यावी, नाहीतर काळ्या आकाशाच्या जागी करडी रवाळ चादर हाती येते.

डिजिटल कॅमेऱ्यात चूक जागच्या जागी दिसते. फिल्मवर ती पंधरा दिवसांनी दिसते आणि तोवर अमावास्या उलटून गेलेली असते. म्हणून पुढील बहुतेक चुका घरी, दिवसा, रोल भरण्यापूर्वीच पकडायच्या आहेत.

आयएसओच्या आकड्यावर विसंबणे

आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, तिच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा. ‘अंधार आहे, म्हणजे अधिक वेगाची फिल्म’ हा हिशेब पहिल्याच रोलवर फसतो. फिल्मवर पडणारा प्रकाश फार मंद असला, की एक्सपोजरचा वेळ दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही. रेसिप्रोसिटी फेल्युअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषाचा अभ्यास जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला होता. इलफर्ड कंपनीने एचपी ५ प्लस या ४०० आयएसओच्या फिल्मसाठी दिलेल्या सूत्रानुसार प्रकाशमापकाने सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यावा लागतो. उलट्या बाजूने पाहिल्यास दहा मिनिटे उघडे ठेवलेले शटर जेमतेम सव्वादोन मिनिटांचे काम करते. याउलट फुजीची १०० आयएसओची अॅक्रॉस २ ही फिल्म दोन मिनिटांपर्यंत काहीच दुरुस्ती मागत नाही आणि त्यापुढे १००० सेकंदांपर्यंत अर्ध्या स्टॉपवर, म्हणजे सुमारे १.४ पट प्रकाशावर, भागते. लांब एक्सपोजरमध्ये ही ‘मंद’ फिल्म ‘वेगवान’ फिल्मची बरोबरी करते ती यामुळे.

तथापि अॅक्रॉसलाही एक मर्यादा आहे. तेजोमेघांमधील हायड्रोजनचा लाल प्रकाश सुमारे ६५६ नॅनोमीटरचा असतो आणि तेथे तिची संवेदनशीलता जवळपास संपलेली असते. आकाशगंगेचे पट्टे तिच्यावर सुरेख येतात, पण मृगाभोवतीचे बर्नार्ड वलय हा लाल तेजोमेघ हवा असेल, तर लाल रंग पकडणारी रंगीत फिल्म घ्यावी. कोडॅकची २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आलेली एक्टाक्रोम ई १०० मी त्यासाठी राखून ठेवतो; तिची किंमत पाहता ती इतर कशावर उधळवतही नाही.

अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवणे

भिंगावरील अनंताची खूण ही बहुतेक वेळा अंदाजाची असते आणि ऑटोफोकस भिंगे तर त्या खुणेच्या पुढेही फिरतात. व्ह्यूफाइंडरमधून तारा बारीक दिसला म्हणून फिल्मवरही तो तसाच येईल असे नाही, कारण आरसा आणि फिल्म यांची अंतरे जुन्या कॅमेऱ्यात किंचित बदललेली असू शकतात. खात्रीचा उपाय असा. कॅमेरा रिकामा असताना पाठ उघडावी, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी खूण) उघडे धरून ठेवावे आणि फिल्म जेथे सरकते त्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा टेकवावा; काचेची खरबरीत बाजू भिंगाकडेच असली पाहिजे, कारण ती उलटी ठेवल्यास काचेच्या जाडीइतकी चूक होते. मग दूरच्या टॉवरवरचा दिवा किंवा शुक्र त्या काचेवर हातातल्या वाचनाच्या भिंगातून पाहत फोकस लावावा आणि कडी चिकटपट्टीने पक्की करावी. त्याच वेळी यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. छिद्र पूर्ण उघडे न ठेवता एफ १.८ चे भिंग एफ २.८ वर आणावे. कोपऱ्यातील ताऱ्यांना फुटलेले पंख बरेचसे मिटतात.

दिशा आणि ट्रॅकर

आकाशगंगेच्या वेडापायी सोलापूरचे अनेक जण शहराच्या उत्तरेकडील नान्नजच्या बाजूला जातात. माळढोक अभयारण्याच्या परिसरात रात्री दिवे घेऊन फिरणे मुळातच अयोग्य आहे. शिवाय तेथून शहराचा उजेड नेमका दक्षिणेला, म्हणजे धनु राशीच्या पायथ्याशीच येतो. दक्षिणेचे आकाश टिपायचे असेल, तर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्याच्या बाजूला जावे. आकाशगंगेचा मध्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर चढतो, उत्तर भारतातील मंडळींना हे सुख नाही. पावसाळ्यापूर्वीच्या एप्रिल-मेमधील उत्तररात्री त्यासाठी उत्तम.

मात्र दक्षिणेला गेल्यावर ध्रुव शहराच्या झगमगाटावर येतो आणि तो येथे साडेसतरा अंशांच्या आसपासच असल्याने धुळीत बुडतो. अशा वेळी ट्रॅकरचा, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या साधनाचा, अक्ष ‘साधारण उत्तरेला’ रोखून भागत नाही. संधिप्रकाश सरता सरता, उजेडाचा घुमट अजून डोळ्यांत भरत नसताना, ध्रुव गाठावा आणि कोन मोजपट्टीने तपासावा.

ट्रॅकरशिवाय, नुसत्या ट्रायपॉडवर, ५० मिलीमीटरच्या भिंगाने दहा सेकंदांपुढे गेल्यास मृगाच्या पट्ट्यातील तारे रेघा होऊ लागतात. त्यामुळे दोन फळ्या आणि एक बिजागरी यांचा घरगुती ट्रॅकर अनेक जण करतात. फळ्या हळूहळू उघडणाऱ्या एम ६ (६ मिलीमीटर जाडीच्या) बोल्टचे आटे १ मिलीमीटरचे असतात; तो मिनिटाला एक फेरा फिरवायचा, तर बिजागरीपासून त्याचे अंतर २२८.५ मिलीमीटर हवे. नेहमीची चूक अशी की हे अंतर फळीच्या कडेपासून मोजले जाते. ते बिजागरीच्या खिळ्याच्या मध्यापासून मोजायचे आहे. त्यात ५ मिलीमीटरचा फरक पडला, तरी दहा मिनिटांत ५० मिलीमीटरच्या भिंगाने फिल्मवर सुमारे ०.०५ मिलीमीटरची रेघ उमटते आणि मोठ्या प्रिंटवर ती लपत नाही. सरळ बोल्ट वापरल्यास दहा-बारा मिनिटांपुढे जाण्याचा मोह आवरावा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. शटर बॅटरीवर चालणारा कॅमेरा ‘बी’वर झपाट्याने बॅटरी संपवतो, पूर्ण यांत्रिक कॅमेरा, कुलपाचे (शटर उघडे अडकवून ठेवणारे) केबल रिलीज आणि भिंगासमोर धरायला काळा पुठ्ठा एवढे पुरे. आधी पुठ्ठा धरून शटर उघडावे, हादरा निवला की पुठ्ठा काढावा. जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीचा, उजेड अडवणारा स्पंज चिकट झाला असेल, तर तो आधी बदलावा, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच झोत फिल्म खराब करायला पुरतो. उसाच्या पाणी दिलेल्या फडाशेजारी ट्रायपॉड लावल्यास पहाटे भिंगावर दव धरते. एकाच दृश्याच्या ३, ६ आणि १२ मिनिटांच्या फ्रेमा घ्याव्यात आणि प्रत्येकीची वेळ व छिद्र वहीत पेन्सिलीने लिहावे.

मे महिन्यात रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणे ही खास सोलापुरी चूक आहे. चाळिशी पार केलेल्या उन्हात बंद गाडीतील फिल्म धुके धरते. रोल फ्रिजमध्ये ठेवावा आणि निघण्यापूर्वी दोन तास डबी न उघडता बाहेर काढावा.

शेवटची चूक परतीच्या घाईत होते. कोरड्या हिवाळी हवेत रोल भराभर गुंडाळला, तर घर्षणाने स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या डहाळ्यांसारख्या काळ्या रेषा उमटतात. त्यामुळे गाडी सुरू करायची थांबवून, रिवाइंडची कडी एकेक वेढा मोजत सावकाश फिरवावी.