हरणाच्या शिकारीचं पहिलं सामान: या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की मला फोन यायला लागतात. "दादा, या वर्षी मी पण येतो. काय काय घेऊ?" मी उत्तर देईपर्यंत पठ्ठ्याने अर्धं सामान मागवलेलंही असतं. मग नोव्हेंबरात तो माझ्या गॅरेजमध्ये उभा राहून लेबलं फाडतो आणि मी एकेक वस्तू बघून कपाळावर हात मारतो.

मी मूळचा कराडचा. गेली चौदा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनजवळ राहतो. इथला बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि पाच लाखांहून जास्त माणसं रानात शिरतात. इथल्या पोराला बंदूक आजोबांची मिळते, बूट मामाचे मिळतात आणि काय नको ते घरीच कळतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद, त्यामुळे आपल्यापाठी असा कुणी मामा नाही. आपण शिकतो जाहिरातींकडून. तिथेच खिसा फाटतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार म्हणजे नव्वद टक्के वेळ थंडीत न हलता बसणं. जी वस्तू तुम्हाला आणखी एक तास शांत बसवते ती कामाची. बाकी सगळा चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

कागद नाही, पण बंदूक पसंत करून झाली

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आणि सीझन तोंडावर आला की कोर्सच्या जागा भरलेल्या असतात. उन्हाळ्यातच उरकून घ्या. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर आणखी सांभाळून राहा. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. मित्राची असली तरी. आधी परवाना, मग दुकान.

सगळे कपडे अंगावर चढवून चालत जाणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

पहिल्या वर्षी मी चारशे डॉलरचा जाड बिब (छातीपर्यंत येणारी पँट) आणि जॅकेटचा सेट घेतला. आत सुती थर्मल, कारण कराडहून आईने पाठवलेलं होतं. पहाटे पाचला गाडी लावली. तापमान 14 फॅरनहाइट, म्हणजे उणे 10 सेल्सियस. सगळं चढवून, पाठीवर सॅक टाकून अंधारात दीड किलोमीटर चढ चढलो. हेडलॅम्पच्या उजेडात माझ्याच कॉलरमधून वाफ निघताना दिसत होती आणि मला वाटलं, वा, जॅकेट काय गरम आहे!

बसायच्या जागी पोहोचलो तेव्हा बनियन पिळून काढावं इतकं ओलं. साडेसहापर्यंत ते थंड पडलं. सात वाजता दात वाजायला लागले, ते काही केल्या थांबेनात. साडेसातच्या सुमारास डावीकडे पाला वाजला. एक मादी, चाळीस यार्डांवर. बंदूक उचलली तर नळीचं टोक वावभर वरखाली होतंय. माझ्या दातांचा आवाज तिला ऐकू गेला असावा अशी माझी आजही खात्री आहे. तिने पाय आपटला, शेपटी वर केली आणि गेली. आठला मी गाडीत हीटर लावून बसलेलो.

माझे शेजारी, निवृत्त दूध-शेतकरी, वय तेव्हा सत्तरीच्या पुढे, दुपारी दोनपर्यंत बसून एक नर घेऊन आले. त्यांच्या अंगात लष्करी भंगार बाजारातली लोकरी पँट आणि बायकोने विणलेला स्वेटर. मला म्हणाले, "गाडीतून उतरल्यावर थंडी वाजली नाही, तर कपडे जास्त झालेत."

तेव्हापासून माझा नेम असा: चालताना अंगात एक पातळ मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, वर फक्त केशरी व्हेस्ट. जॅकेट गुंडाळून सॅकला बांधलेलं. जागेवर पोहोचलो की दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, घाम जिरू द्यायचा, आतला शर्ट आणि मोजे बदलायचे, मग जॅकेट. उणे दहात उघड्या अंगाने शर्ट बदलणं नको वाटतं, मान्य. तीस सेकंदांचं काम आहे, करा. सुती काहीही नको: बनियन नाही, मोजे नाहीत, जीन्स तर नाहीच. सुताने ओल धरली की ती सोडत नाही. लोकर ओली असली तरी ऊब देते. जुन्या कपड्यांच्या दुकानात लोकरी स्वेटर पाच-सात डॉलरला मिळतात, आणि हरणाला लेबल वाचता येत नाही.

बुटांचं गणितही असंच चुकतं. पायाला थंडी वाजते म्हणून लोक दोन जाड मोजे घालून मापाच्या बुटात पाय कोंबतात. रक्त फिरायला जागा उरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. अर्धं-एक माप मोठा बूट, एकच जाड लोकरी मोजा. आणि एक फुकटचा उपाय: घरातली जुनी योगा मॅट कापून दोन तुकडे करा, एक बुडाखाली, एक पायाखाली. जमिनीची थंडी तळव्यातून चढते. ती अडवली की दीडशे डॉलरचे बूट तीनशेच्या बुटांसारखे चालतात. हातापायांच्या उबेच्या पुड्या घेत असाल तर लक्षात ठेवा, त्यांतली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनने तापते. घट्ट बुटात त्यांना हवा मिळत नाही, म्हणून त्या तिथे मरतात. मी मनगटाच्या आतल्या बाजूला, हातमोज्यात ठेवतो.

कॅमोफ्लाजवर पैसे उडवणं

पानाफांद्यांची हुबेहूब छपाई असलेला दोनशे डॉलरचा शर्ट, आणि वर कायद्याने घालावा लागतो तो भडक केशरी व्हेस्ट. कशाला? इथे बंदुकीच्या सीझनमध्ये कमरेच्या वरचा प्रत्येक बाहेरचा कपडा निम्मा तरी फ्लोरोसेंट केशरी किंवा गुलाबी असायला हवा. (गुलाबी 2016 पासून चालतो.) हरणाच्या डोळ्यात लाल रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात, त्यामुळे केशरी त्याला आपल्यासारखा झळाळत दिसत नाही. निळा मात्र चांगलाच दिसतो. म्हणजे शंभर यार्डांवरून तुम्हाला उघडं पाडेल ती तुमची जीन्स. आणि कपडे उजळवणाऱ्या डिटर्जंटने धुतलेलं जॅकेट.

दुकानात कपडा डोळ्याने नाही, कानाने निवडा. बाही कानाशी धरून घासून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा करकर आवाज आला तर परत ठेवा, कितीही सेल असो.

आणि काळी सॅक पाठीवर टाकून केशरी झाकू नका. सॅकलाही केशरी फडकं बांधा. मागून येणाऱ्याला तुमची पाठच दिसते.

"दुकानात सेट करून दिलंय"

आता दुसरी मोठी चूक. ही मात्र मला हसत हसत सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी ओळखीतला पुण्याचा एक पोरगा आमच्याबरोबर आला. बंदूक .308 कॅलिबरची, चांगली. वर बसवलेला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, पन्नास-साठ डॉलरचा. मी दोनदा म्हटलं, नेमबाजीच्या रेंजवर चल. एकदा दिवाळीचा फराळ होता, एकदा ऑफिसचं रिलीज. "दुकानात बोअर साइट करून दिलंय, दादा." बोअर साइट म्हणजे नळी आणि स्कोप ढोबळमानाने एका दिशेला वळवणं. गोळी नेमकी कुठे पडेल, ते गोळी झाडल्याशिवाय कळत नाही.

शनिवारी सकाळी त्याच्यासमोर सत्तर यार्डांवर मादी आडवी उभी राहिली, तोंड डावीकडे. त्याने खांद्यामागे नेम धरला, बार काढला, ती पाठ वाकवून झाडीत गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा पाल्यावर काळपट रक्त आणि हिरवा चोथा. पोटात लागलं होतं. अशा वेळी लगेच पाठलाग करायचा नसतो, प्राण्याला कुठेतरी बसू द्यायचं. आम्ही सात तास थांबलो. मग टॉर्च घेऊन ओणव्याने एकेक पान उलटत गेलो. रक्त मोहरीएवढ्या ठिपक्यांचं, दहा पावलांत एक. रात्री अकराला माग हरवला. सकाळी एका ओढ्यात सापडली, कोल्ह्यांसारख्या कोयोटींनी मागचा निम्मा भाग खाल्लेला. पोरगा गाडीत एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात रेंजवर गेलो. शंभर यार्डांवर तीनही गोळ्या नऊ इंच उजवीकडे. सत्तरावर ते सव्वासहा इंच होतात: फुप्फुसापासून पोटापर्यंत जायला पुरेसे. स्कोप बंदुकीला धरून ठेवणाऱ्या रिंगचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते.

माझी पद्धत सोपी आहे. रिंगचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या इंच-पाउंडाला (आवळायच्या जोराचं माप) टॉर्क ड्रायव्हरने आवळायचे. मग बायकोच्या नेलपेंटची एक रेघ स्क्रूवरून रिंगवर ओढायची. रेघ तुटलेली दिसली की कळतं स्क्रू हलला. आधी 25 यार्डांवर झाडून बघायचं, मग 100 वर. बहुतेक स्कोपच्या नेम सरकवायच्या चकतीचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच, म्हणजे त्या पोराला छत्तीस क्लिक डावीकडे जायचं होतं. सराव आणि शिकार एकाच जातीच्या काडतुसांनी करायची, म्हणून एकदम तीन डबे घेऊन ठेवतो. शेवटचे पाच बार जाड जॅकेट घालून, बसून. जॅकेटने दस्ता पुढे सरकतो आणि डोळा स्कोपपासून लांब जातो. उन्हाळ्यात टी-शर्टवर घेतलेला नेम नोव्हेंबरात बसेलच असं नाही.

पैसे कमी असतील तर बंदूक जुनी घ्या, .243 किंवा .30-06, खंडीभर मिळतात. स्कोप साधा 3-9x40 (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच 40 मिलिमीटरची), पण ओळखीच्या कंपनीचा. आणि एक 8x42 दुर्बीण, कारण स्कोपमधून रान न्याहाळणं म्हणजे ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर बंदूक रोखणं. समोर हललं ते दुसऱ्या शिकाऱ्याचं पोर असू शकतं. स्कोपमधून न्याहाळताना कुणी दिसला तर मी त्याला पुन्हा बरोबर नेत नाही.

झाडावर चढणं, पण दोरीशिवाय

ट्री स्टँडवरून, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावरून पडून हाडं मोडून घेणारे दर सीझनला निघतात. अंगभर हार्नेस (झाडाला बांधून ठेवणारे पट्टे) लागतो, नुसता कमरेचा पट्टा नाही. चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत बांधलेला. बसल्यावर बांधू म्हणणारे चढताना पडतात. स्वस्त स्टँडबरोबर हार्नेस फुकट येतो. तो वापरायला हरकत नाही, पण त्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी तो बदलायचा असतो. सेकंड-हँड स्टँड घ्या, सेकंड-हँड हार्नेस कधीच नाही. गेल्या वर्षीपासून झाडावर राहिलेले पट्टे उन्हाने आणि खारींनी खाल्लेले असतात. बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची. पहिली दोन वर्षं जमिनीवरच बसा, असं माझं मत. कुणी ऐकत नाही.

बाकीचं एका दमात

वास लपवायच्या बाटल्या: वाऱ्याकडे तोंड करून बसा, पैसे वाचतील. हरणाला बोलवायच्या शिट्ट्या आणि शिंगांची खडखड: पुढच्या वर्षी. सुऱ्यांचा दहा नगांचा सेट नको, साडेतीन इंची एक पाती पुरते, मूठ केशरी घ्या, नाहीतर पाल्यात हरवते. हेडलॅम्प दोन, एक तर नक्की बंद पडतो. रबरी हातमोजे चार जोड्या. सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये सापडला, म्हणून मारलेल्या हरणाचा नमुना तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये राहू द्या. कांदा-लसूण मसाला कुठे पळून जात नाही. या मटणाला चरबी जवळजवळ नसते, जी असते ती काढून टाका, तोंडात मेणासारखी चिकटते.

आणि हरीण ओढायला शंभर डॉलरची चाकांची गाडी घेऊ नका. पोट साफ केल्यावरही मोठा नर साठ-सत्तर किलो भरतो आणि ती चाकं पहिल्याच ओंडक्यात अडकतात. माझ्याकडे मुलीची बर्फावर घसरायची प्लॅस्टिकची लाल स्लेज आहे, पंधरा डॉलरची. बर्फ नसला तरी पाल्यावरून छान सरकते. मुलगी आता कॉलेजात आहे, पण अजून दर वर्षी विचारते, "बाबा, माझी स्लेज धुतलीत ना?"